पहिली माती

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तेल्हाऱ्याहून उत्तरेला निघालं की सपाट काळी जमीन हळूहळू चढायला लागते. समोर सातपुडा निळा दिसू लागतो, आणि पायाखालची माती पातळ होत जाते. पातळ म्हणजे किती? वर जेमतेम फूटभर काळी माती, आणि खाली नुसता तांबूस मुरूम. अशा जमिनीला आमच्याकडे बरड म्हणतात. आता समजा, त्या बरडात कोणी घराएवढा रांजण पुरला होता आणि एके दिवशी तो उपसून नेला. मागे राहिला खड्डा. तुम्ही त्याच्या काठावर उभे आहात. तळ आठ फूट खाली आहे, कडा उभ्या आहेत. थोडं मागे सरका, काठ ठिसूळ आहे. आता डावीकडे बघा. तिथे काळ्या मातीचा एक उंच ढीग आहे, त्यावर वाळलेल्या बोरूचे, म्हणजे तागाचे, दांडे उभे आहेत, आणि ढिगाच्या टोकावर एक मुलगी बसली आहे. गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल.

ही आरजू. वय अकरा वर्षं. आणि खाली खड्ड्यात दोरी धरून उभे असलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणजे तिचे दादाजान, अब्दुल गफ्फार.

अब्दुल गफ्फारांनी जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या. मग अशी वर्षं आली की कापसाला भाव राहिला नाही आणि नवी विहीर खोदायची कोणाची उमेदच राहिली नाही. त्या सुमारास गावाच्या रस्त्याला मुरूम हवा होता. गफ्फारांनी आपल्या बरडाचा एक तुकडा ठेकेदाराला खोदू दिला. काम संपलं की जमीन सारखी करून देतो, असं ठेकेदार म्हणाला होता. रस्ता झाला, ठेकेदार गेला, खदान राहिली.

पण गफ्फारांनी एक शहाणपण केलं होतं. खोदकाम सुरू होण्याआधी त्यांनी वरची सगळी काळी माती खरडून बाजूला लावून घेतली. पाच वर्षं ती सांभाळली. पावसात वाहून जाऊ नये म्हणून दर आषाढात तिच्यावर बोरू पेरला. कोणी अंगणाला मागायला आलं, कोणी वीटभट्टीला मागायला आलं, पण त्यांनी घमेलंभरही दिली नाही. "हे आरजूची हाय," ते म्हणायचे. "ज्या दिवशी खदानीचं वावर होईन, त्या दिवशी हे त्या वावराच्या अंगावर घालू."

तो दिवस आता जवळ आला होता. दोन हजार सात सालचा मे महिना होता. जवळच्या नाल्यावर बांधाचं काम चालू होतं, आणि तिथला जेसीबी चालवणारा देवमन दोन दिवस यायला तयार झाला होता. परवा सकाळी येणार आणि दोन दिवसांनी यंत्र अकोटकडे घेऊन जाणार.

"यंत्र उभं राहिल्यावर विचार कराले टाइम नसते," गफ्फार म्हणाले. घरी ते उर्दूत बोलायचे, पण वावरात पाय ठेवला की जीभ आपोआप वऱ्हाडीवर यायची. "आधी कागदावर खदान बुजव, मंग जमिनीवर."

"पण बुजवाले माती कुठी हाय, दादाजान? मुरूम तं रस्त्यावर गेला."

"हां! मंग?"

ते असंच करायचे. प्रश्न विचारला की तोच प्रश्न हातात परत द्यायचे.

आरजूने वहीत बघितलं, खड्ड्यात बघितलं. बुजवता येणार नाही, हे तर उघड होतं. गफ्फारांनी जमिनीवर एक काठी उभी धरली आणि तिच्या बुडापासून तशाच तीन काठ्या आडव्या मोजल्या. "एक उतरायचं असन तं तीन चालाचं. मंग बैल चढते, वखर चालते, पाणी धावत नाही, चालत जाते. रांजणाची परात कराची आपल्याले."

म्हणजे आठ फूट खोल तर चोवीस फूट लांब उतार. आरजूने दोरी धरली आणि खुंट्या ठोकल्या. पश्चिमेला चोवीस फूट मिळाले. उत्तरेला आणि दक्षिणेलाही मिळाले. काठ मागे कापत न्यायचा, कापण्याआधी तिथलीही वरची काळी माती काढून ढिगावर टाकायची. पूर्वेला मात्र दोरी काठावरच अडली. तिथे धुरा होता, म्हणजे दोन वावरांमधला बांध. धुऱ्याच्या पलीकडे महादेवरावांचं वावर. आरजू त्यांना आबा म्हणायची.

"इकडे कापता येत नाही. आबांच्या वावरात जाते."

"मंग?"

आरजू बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने तीन बाजूंचा कापलेला मुरूम बाणाने उचलला आणि पूर्वेच्या कडेला आतून टेकवला. "तिकडचं काढून इकडे लावू. मधात उरलं ते तळात. अन् सगळ्यात शेवटी वरून काळी. वीतभर येईन."

गफ्फारांनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. "माह्या उस्तादानं मले हे शिकवाले दोन वर्षं लावले होते," ते म्हणाले. आरजूला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

संध्याकाळी महादेवराव धुऱ्यावरून आले. हे शेजारी, सत्तरीचे, बोलायला थोडे आणि ऐकायला पक्के. दर पावसाळ्यात पूर्वेची कड थोडी थोडी ढासळत होती आणि त्यांचा धुरा खाली जात होता. तुरीच्या दोन ओळी गेल्या होत्या, एक बाभूळही गेली होती. ते भांडले नव्हते. तीन वर्षांपूर्वी गफ्फारांनी स्वतःच त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "महादेवराव, खदान बुजवाले घेतली का पहिली माती तुमच्या धुऱ्याले. जबान देतो."

महादेवरावांनी वही बघितली. त्यांचं बोट पूर्वेच्या बाजूवर थांबलं.

"हे काय लावून राहिले इथी?"

"मुरूम, आबा," आरजू म्हणाली.

"अन् हा काळा ढीग?"

"तो शेवटी. सगळ्यावर पसरवाचा."

महादेवरावांनी वही हळूच मिटली. "गफ्फारभाई, तुमी विहिरीवाले. मले एक सांगा. विहीर खोदतानी जे वरची काळी निघते, तिले तुमच्या धंद्यात काय म्हणते?"

गफ्फारांचा हात दाढीवर थांबला. "पहिली माती," ते म्हणाले.

"पहिली माती. मंग तीन वर्षांआधी मले काय देतो म्हणाले होते?"

आरजूने दादाजानांकडे बघितलं. तिला वाटलं, ते आता हसतील, म्हणतील, अहो, माझ्या मनात पहिलं घमेलं होतं. पण ते म्हणाले, "बरोबर हाय. शब्द माहाच हाय. सगळी काळी तुमच्या कडेले लावू."

महादेवराव आले तसे धुऱ्यावरून निघून गेले.

घरी जाताना आरजू चार पावलं मागे चालत होती. शेवटी न राहवून ती म्हणाली, "तुमाले पहिलं घमेलं म्हणायचं होतं ना?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"बेटा, मनातल्या गोष्टीची साक्ष कोण देईन? शब्द तोंडातून गेला का तो ऐकणाऱ्याचा झाला."

"पण काळी खाली दाबली तं वर काय राहीन? नुसता मुरूम! पाच वर्षं सांभाळली तुमी. काहीच पिकणार नाही. अन् आबांची कडही राहणार नाही. काळी माती पावसात फुगते."

गफ्फार थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी झटकली आणि पुन्हा घातली. "मी जबान दिली. मले बोलता येत नाही." दोन पावलं टाकून ते पुन्हा म्हणाले, "तू तं दिली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव आपल्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली येऊन बसले, तेव्हा आरजू तिथे आधीच आलेली होती. समोर दोन घमेली, एक बादली पाणी, एक तांब्या, दोन विटा. ढिगावरून तिने घमेल्याघमेल्याने माती आणली होती, आणि त्याबद्दल तिला मनातून थोडं अपराधीही वाटत होतं.

"काय व, भजे तळतं का?" महादेवराव म्हणाले.

"तुमचा धुरा करून राहिली, आबा."

प्रत्येक घमेल्यात तिने एक वीट उभी केली. ती वीट म्हणजे धुऱ्याची कड. डाव्या घमेल्यात विटेला टेकून सगळी काळी माती लावली आणि वर थोडा मुरूम घातला. उजव्यात मुरूम दाबून लावला आणि वर काळ्याचा पातळ थर दिला. दोन्ही उतार सारखे झाले. महादेवरावांनी तंबाखूची डबी उघडली, पण चुना लावायचा विसरून ते बघत राहिले.

आरजूने तांब्या भरला आणि दोन्हींवर ओतला.

दोन्ही उतार भसकन खाली आले.

महादेवराव इतके हसले की त्यांना खोकला लागला. "दोनी नापास! आता कोणाले वर्गात घेतं?"

आरजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन पार्वताबाई आल्या. या महादेवरावांच्या घरच्या. त्यांनी टोपलं खाली ठेवलं, घमेल्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "पोरीले रडवून राहिले काय?"

"मी कायले रडवू? तिच्या घमेल्यानं रडवलं."

आरजूने सगळं सांगितलं. पहिली माती, शब्द, उद्याचं यंत्र, सगळं. पार्वताबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पण पाऊस असा पडते का माय? तांब्यानं? देव काय आंघोळ घालते का आपल्याले?" त्यांनी कडुलिंबाची एक डहाळी तोडून तिच्या हातात दिली. "पुन्हा कर. अन् याच्यानं शिंपड. सडा टाकतं तसं."

आरजूने पुन्हा उतार बांधले. डहाळी पाण्यात बुडवून ती शिंपडत राहिली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मोजून शंभर वेळा. हात दुखला तेव्हा पार्वताबाईंनी डहाळी घेतली. मग जरा वेळाने, काही न बोलता, महादेवरावांनी घेतली. हळूहळू डाव्या घमेल्यातली काळी माती फुगत गेली. तिचं पोट पुढे आलं, वरचा मुरूम घसरून पायथ्याशी गोळा झाला. उजवीकडचं पाणी काळ्यातून मुरमात उतरलं आणि उतार जागच्या जागी राहिला.

"आता उन्हात राहू द्या," आरजू म्हणाली.

त्यांनी भाकरी खाल्ली, कांदा फोडला. महादेवराव आडवे झाले. मेमधलं वऱ्हाडी ऊन, त्याला काय वेळ लागतो! चार वाजता डाव्या घमेल्यातली काळी माती विटेपासून सुटून उभी होती. मधे भेग पडली होती. आरजूने त्या भेगेत आपली पेन्सिल सोडली. ती अर्धी आत गेली.

महादेवराव उठून बसले आणि पेन्सिलीकडे बघत राहिले.

"काहो," पार्वताबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणात धान्याचं पेव होतं, आठवते? जमिनीत जवारी ठेवत. ते बुजवतानी मामंजींनी खाली काळी टाकली होती का? खाली कडबा, मंग मुरूम, अन् काळी सगळ्यात वरून लिंपत. हे लेकरू तुमच्या बापाचंच सांगून राहिलं."

"मले मातीचं शिकवता काय?" महादेवराव एकदम मोठ्याने बोलले. आरजू दचकली. "सत्तर वर्षं काळ्या मातीत गेले माहे. भेगेत विळा पडला तं पुन्हा भेटत नाही, हे मले माहीत नाही?"

"मंग हट्ट कायचा?"

ते बोलले तेव्हा आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. "तीन पावसाळे. कड पडली का मी म्हणो, राहू दे, गफ्फारभाईनं जबान दिली, पहिले आपलंच होईन. अन् काल वही पाहिली तं माह्या बाजूले टाकाऊ मुरूम, अन् काळी शेवटी. मले वाटलं, मीच शेवटी."

आरजूला वाटलं होतं, हे भांडण मातीचं आहे. आता तिला कळलं की आपण रात्रंदिवस चुकीचंच घमेलं बघत होतो.

तिने वही उघडली. कालच्या नकाशात बाण होते, पण आधी कोणता आणि मग कोणता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने पेन्सिल भेगेतून काढली, फुंकर मारली आणि पूर्वेच्या कडेवर एकचा मोठ्ठा आकडा काढला.

"आबा, यंत्र आलं का पहिला बकेट तुमच्या कडेले. मुरमाचा. कड पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे हात लावाचा नाही. अन् काळी पसरवतानी पहिली काळी बी तुमच्याच बाजूले. पहिलं घमेलं तुमचं, अन् पहिली माती बी पहिले तुमाले. दोनी पहिलं तुमचं."

"दोनी?"

"दोनी."

महादेवरावांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "पोट्टी लय चालू हाय," ते पार्वताबाईंना म्हणाले. मग आरजूला म्हणाले, "असं लिही खाली. अन् माही सही घे. तुह्या आज्यावर भरोसा हाय माहा, पण त्याचे शब्द दोन-दोन अर्थाचे असते."

संध्याकाळी गफ्फार आले तेव्हा वहीत सही झालेली होती. महादेवरावांनी चुना लावलेली तंबाखू त्यांच्यापुढे धरली. "तुमची जबान मी बदलून घेतली, गफ्फारभाई. पहिलीपेक्षा चांगली भेटली."

गफ्फारांनी वही वाचली. मराठी अक्षरं ते सावकाश, बोट ठेवून वाचायचे. वाचून झाल्यावर त्यांनी नातीकडे बघितलं, पण शाबास म्हणाले नाहीत. फक्त तिची ओढणी खांद्यावर नीट केली.

देवमन सकाळी सहाला आला. "बोला, कुठून उचलू, कुठी टाकू?" असं त्याने वरूनच ओरडून विचारलं, तर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकाच वेळी आरजूकडे बोट दाखवलं. "हे काय, इंजिनियर बाई आणली का?" तो म्हणाला. पण वही बघितल्यावर त्याची चेष्टा थांबली. आधी काठावरची काळी साय खरवडून ढिगावर गेली. मग पश्चिमेचा पहिला बकेट मुरूम उचलून त्याने खदानीच्या पोटातून थेट पूर्वेला नेला आणि धुऱ्याखाली ओतला. महादेवराव हात मागे बांधून उभे होते. त्यांनी मान हलवली. बकेटामागून बकेट गेले. देवमन यंत्राने मुरूम दाबत होता आणि गफ्फार मधे मधे काठी लावून बघत होते. एक उतरायचं, तीन चालायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रांजणाची परात झाली. मग काळी माती निघाली. पाच वर्षं बोरूच्या मुळांनी धरून ठेवलेली ती माती सैल आणि ओलसर होती. पहिला थर पूर्वेला गेला, वहीप्रमाणे. तिथून उत्तरेला, दक्षिणेला, तळात, पश्चिमेला. मागून पार्वताबाई आणि गफ्फार फावड्याने सारखं करत होते. शेवटी ढिगाच्या जागी फक्त एक काळा डाग राहिला. आरजूने तोसुद्धा खराट्याने झाडून काढला.

देवमनने इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं.

तेव्हा महादेवरावांच्या लक्षात आलं. धुऱ्याच्या अगदी कोपऱ्यात, कडुलिंबाच्या मुळ्या होत्या तिथे, यंत्राचा हात पोचला नव्हता. चार सुपांएवढी जागा तांबडी, उघडी राहिली होती. नेमकी त्यांच्याच बाजूला. ते त्या तुकड्याजवळ जाऊन उभे राहिले. गफ्फारही येऊन उभे राहिले. ढीग तर संपला होता.

"राहू द्या," महादेवराव म्हणाले. "एवढ्याशानं काय होते?"

गफ्फारांनी मान डोलावली, पण ते तिथून हलले नाहीत.

आरजू कडुलिंबाखाली गेली. तिची दोन्ही घमेली परवापासून तिथेच पडून होती. काळी माती वाळून दगडासारखी झाली होती. तिने विटा काढल्या, मुरूम वेगळा केला, ढेकळं मुठीने फोडून बारीक केली. मग एकेक घमेलं डोक्यावर घेऊन आली, कोपऱ्यात गुडघे टेकले, माती ओतली आणि दोन्ही तळव्यांनी ती मुळ्यांपर्यंत पसरवत नेली.